व्हेनिसची सोनेरी वही



आपल्या इकडील जुन्या घराण्यांतून पुतळ्यांची माळ हा दागिना अजूनही जपून ठेवलेला आढळतो. लग्नकार्यात तो बाहेर निघतो, त्याची तारीफ होते आणि पुन्हा तो डब्यात जातो. या माळेतील पुतळी हे मूळचे एक नाणे होय. त्याच्या एका बाजूस उभा असलेला एक साधू व त्याच्यापुढे गुडघे टेकून निशाणाची काठी हाती घेतलेला एक पुरुष दिसतो. दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळात एक उभी आकृती आणि तिच्याभोवती तारका. या आकृतींवरूनच आपल्या लोकांनी त्यास पुतळी म्हटले असावे. वस्तुतः तो साधू म्हणजे व्हेनिस शहराचा संरक्षक संत मार्क, आणि त्याच्यापुढे वाकलेला पुरुष म्हणजे त्या शहराचा निर्वाचित अधिपती, ज्यास तिकडे डोज म्हणत. आपल्याकडील पुष्कळशा पुतळ्या इथल्याच सोनारांनी केलेल्या नकला आहेत हे खरे. पण नक्कल होते ती नावाजलेल्या नाण्याचीच.

हे नाणे व्हेनिसने इसवी सन १२८४ मध्ये प्रथम पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे पाव तोळ्याहून थोडे अधिक, आणि सोने जवळजवळ निर्भेळ. १७९७ साली ते राज्य बुडाले तोपर्यंत, म्हणजे पाचशे तेरा वर्षे, त्या नाण्याचा कस उतरला नाही. राजेरजवाडे अडचणीत सापडले की पहिला हात नाण्यातील सोन्यावर मारतात, हा जगाचा अनुभव. त्या मानाने ही गोष्ट मोठ्या नवलाची आहे. पण त्याहून मोठे नवल असे की, नाणे जसेच्या तसे राहिले आणि ते पाडणारे शहर मात्र आतून पोकळ होत गेले. तेराव्या-चौदाव्या शतकांत युरोपातील अत्यंत श्रीमंत शहरांपैकी एक असलेले व्हेनिस अठराव्या शतकात परदेशी धनिकांच्या करमणुकीचे ठिकाण होऊन बसले. हे कसे घडले, याचा विचार आज करावयाचा आहे.

इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले. वर्गात या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर असे : १४९८ साली वास्को द गामा कालिकतास पोहोचला, मिऱ्यांचा व्यापार आफ्रिकेला वळसा घालून लिस्बनला जाऊ लागला, सबब व्हेनिस बुडाले. उत्तर सुटसुटीत आहे आणि परीक्षेत त्यास पुरे गुण मिळतात. पण ते पुरे खरे नाही. व्हेनिसच्या ऱ्हासाचे बीज गामाच्या जन्माच्याही पूर्वी, १२९७ साली, त्या शहराच्या सभागृहात पेरले गेले असे मला वाटते. ते काम कोणा परकीय शत्रूने केले नाही. शहरातील सुखवस्तू, सुविद्य आणि बऱ्याच अंशी सद्‌हेतूच्या गृहस्थांनी ते केले.

प्रथम ही श्रीमंती आली कोठून ते पाहू. व्हेनिसपाशी जमीन नव्हती. खाजणातील चिखलाची बेटे, भरतीओहोटीचे पाणी आणि मासे, एवढीच त्याची दौलत. इमारतीखाली लाकडाचे खुंट ठोकून पाया करावा लागे. धान्य बाहेरून आणावे लागे. मीठ मात्र मुबलक होते, आणि आरंभीचा व्यापार मिठाचाच. पुढे पूर्वेच्या रोमन साम्राज्यास, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहास, नॉर्मन लोकांविरुद्ध आरमाराची गरज पडली, तेव्हा व्हेनिसने ती भागविली आणि १०८२ मध्ये त्या बादशाहीच्या बंदरांतून जकातमाफीने व्यापार करण्याची सनद मिळविली. मोक्याची जागा व मोक्याची सनद, ही दोन कारणे पुस्तकांत सापडतात. तथापि इटलीच्या किनाऱ्यावर मोक्याची ठिकाणे आणखीही होती. व्हेनिसपाशी जे विशेष होते ते निराळेच.

त्या काळी कॉन्स्टँटिनोपल किंवा अलेक्झांड्रियापर्यंत सफर करणे म्हणजे जिवावरचे काम. ज्यापाशी पैसा असे त्यास म्हातारपणी समुद्रावर जाणे नको असे. ज्याच्या अंगात धमक असे त्याच्यापाशी पैसा नसे. या दोघांची गाठ घालून देणारी एक सरकत व्हेनिसमध्ये रूढ झाली. तिला कोलेगांझा म्हणत. घरी बसणारा दोन हिस्से भांडवल घाली, प्रवास करणारा एक हिस्सा. नफा मात्र दोघांत निम्मा-निम्मा वाटला जाई. पुढे दुसरा प्रकार अधिक रूढ झाला : सारे भांडवल घरी बसणाऱ्याचे, मेहनत व जोखीम प्रवाशाची, आणि नफ्यात तीन भाग पहिल्याचे तर एक भाग दुसऱ्याचा. सफर वाया गेली तर प्रवाशाने जवळ नसलेला पैसा भरून द्यावा असे कोणी म्हणत नसे. अशा कराराचा उपलब्ध असलेला अत्यंत जुना कागद १०७३ सालचा आहे. त्यात सेव्हास्तो ओरेफिचे नावाचा मनुष्य दोनशे लिरा देतो, जोव्हान्नी लिसादो नावाचा शंभर लिरा घालून ग्रीसमधील थीब्ज शहराकडे निघतो, आणि परत आल्यावर सर्व हिशेब प्रामाणिकपणे मांडण्याची हमी देतो.

हा कागद वरकरणी दोन वाण्यांचा किरकोळ व्यवहार दिसतो. पण त्यात सगळे मर्म आहे. शंभर लिरांचा धनी दोन-चार सफरी साधल्या की तीनशेंचा धनी होई, आणि मग तोच घरी बसून दुसऱ्या एखाद्या होतकरू तरुणास गलबतावर धाडी. पैसा असा हातोहात फिरे आणि प्रत्येक पिढीत नवी घराणी वर येत. अर्थात, नुसत्या करारपत्राने हे होत नसते. प्रवासी लबाडी करील तर दाद कोठे मागावयाची? दूरदेशी मेला तर मालाचे काय? यासाठी न्यायासने लागतात, नोंदी लागतात, आणि राजाच्या मर्जीने न बदलणारा कायदा लागतो. तो व्हेनिसला कसा मिळाला, हे समजल्याखेरीज कोलेगांझाचे रहस्य उलगडत नाही.

डोज हा प्रथम राजासारखाच होता. तो हयातीतच आपल्या मुलास सहाधिकारी नेमी आणि गादी घराण्यात ठेवू पाही. १०३२ मध्ये ही चाल बंद पाडण्यात आली. पुढे ११७२ साली व्हिताले मिकिएल नावाच्या डोजने काढलेली आरमारी मोहीम रोगराईने बुडाली. लोक खवळले आणि त्याचा भर रस्त्यात खून झाला. त्यानंतर अधिकार महासभेच्या हाती गेला. या महासभेत दरसाल निवडलेले नागरिक बसत, आणि शहरातील प्रमुख अधिकाऱ्यांची निवड ती करी. डोजला अधिकारावर येताना शपथलेख करून द्यावा लागे व दर नव्या डोजच्या वेळी त्यात आणखी एखादे कलम वाढे. परराज्यांची पत्रे त्याने एकट्याने उघडावयाची नाहीत. गुलाबपाणी, फुले व सुवासिक वनस्पती यांसारख्या किरकोळ वस्तूंखेरीज भेट स्वीकारावयाची नाही. फार काय, १५०१ पासून तर डोज मरण पावल्यावर त्याच्या कारभाराची चौकशी करणारे अधिकारी नेमले गेले, आणि गैरव्यवहार आढळल्यास दंड वारसांकडून वसूल होऊ लागला.

१२६८ मध्ये ठरलेली डोजच्या निवडणुकीची रीत तर ऐकण्यासारखी आहे. महासभेतून चिठ्ठ्यांप्रमाणे गोळ्या काढून तीस जण घ्यावयाचे, पुन्हा गोळ्या काढून तिसांचे नऊ करावयाचे, या नवांनी चाळीस जण निवडावयाचे, चाळिसांतून गोळ्यांनी बारा, बारांनी पंचवीस निवडावयाचे, पंचविसांतून गोळ्यांनी नऊ, नवांनी पंचेचाळीस, पंचेचाळिसांतून अकरा, अकरांनी एकेचाळीस, आणि या एकेचाळिसांनी डोज निवडावयाचा, त्यासही निदान पंचवीस मते पडली पाहिजेत. गोळ्या काढण्यास रस्त्यातील एखादे पोर धरून आणीत, म्हणजे हातचलाखीचा संशय नको. हे ऐकून हसू येईल. पण कटबाजी करू पाहणाऱ्यास एकूण दहा पायऱ्यांवर सर्वांना वश करावे लागेल आणि मधूनमधून दैवही वश करावे लागेल, अशी ही योजना होती. मतदानासाठी युरोपात सर्वत्र चालणारा ‘बॅलट’ हा शब्द इटालियन भाषेतील गोळी या अर्थाच्या शब्दावरूनच निघाला.

आता दोन्ही धागे एकत्र गुंफून पाहा. व्यापारात नवा माणूस वर येतो; वर आला म्हणजे महासभेत निवडून येऊ शकतो; महासभेत आला म्हणजे आपल्यासारख्या नवख्यास न्याय मिळेल असे कायदे राखण्यात त्याचे हित असते. धन्यास नोकराची आणि नोकरास धन्याची जागा मिळू शकते, अशा ठिकाणीच कायदा दोघांनाही सारखा हवासा वाटतो. २०२४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन व जेम्स रॉबिन्सन या तीन पंडितांस मिळाले. राष्ट्रांची संपन्नता व दारिद्र्य ही हवापाण्यापेक्षा राज्यसंस्थांच्या घडणीवर अधिक अवलंबून असतात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. व्हेनिसचा तो आरंभीचा काळ या प्रतिपादनास जणू मुद्दाम घडविलेला दाखला वाटतो.

पण नव्या माणसाचे येणे जुन्या माणसास कधी आवडत नाही. व्यापारात प्रत्येक नवा प्रतिस्पर्धी नफा कमी करतो आणि सभेत प्रत्येक नवा सभासद वजन कमी करतो. १२९७ च्या फेब्रुवारीअखेर, पिएत्रो ग्रादेनीगो डोज असताना, महासभेने एक ठराव केला. (व्हेनिसचे वर्ष १ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांच्या दप्तरात सन १२९६ आढळतो, तारखांचा घोळ नको म्हणून हे सांगतो.) गेल्या चार वर्षांत जे कोणी महासभेत बसले असतील त्यांस चाळिसांच्या मंडळातील केवळ बारा मते मिळाली की पुन्हा प्रवेश मिळावा, असा तो ठराव. बाहेरच्यांसाठी वाट अगदी बंद केली नव्हती. त्यांची नावे सुचविण्याची वेगळी सोय ठेवली होती. शिवाय सभासदांच्या संख्येवरची मर्यादा उठल्याने काही वर्षांतच सभा दुपटीहून मोठी, हजारावर सभासदांची झाली. त्या दिवशी एखाद्या साध्या नागरिकास विचारले असते तर तो म्हणाला असता, ‘छान झाले, अधिक लोकांचा समावेश झाला!’

इतिहासकार या ठरावास ‘महासभेचे दार लावून घेणे’ असे म्हणतात, आणि ते नाव अन्वर्थक ठरले. बाहेरून येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या वाटेवरच्या अटी पुढील दहा-वीस वर्षांत एकेक करून कडक होत गेल्या. १३१५ मध्ये पात्र व्यक्तींच्या नावांची नोंदवही सुरू झाली. १३२३ च्या सुमारास बाप किंवा आजा सभासद असल्याखेरीज सभासदत्व नाही, असा नियम पक्का झाला. १५०६ पासून उमरावांच्या घरी जन्मलेल्या मुलांची व १५२६ पासून त्यांच्या विवाहांची सरकारी नोंद होऊ लागली. तीच ती प्रसिद्ध ‘सोनेरी वही’. त्या वहीत नाव असेल तर मनुष्य राज्यकर्ता. नसेल तर कितीही शहाणा, कितीही धनिक असो, तो प्रजा.

विरोध झाला नाही असे नाही. १५ जून १३१० रोजी बायामोंते तिएपोलो नावाच्या एका बड्या सरदाराने बंड केले. बंडखोर अरुंद गल्लीतून संत मार्काच्या चौकाकडे येत असता वरच्या खिडकीतून एका म्हातारीने दगडी खल खाली टाकला. तो निशाणवाल्याच्या डोक्यात बसला आणि बंडाचा धीर सुटला. बक्षीस काय हवे असे विचारता तिने, सणावारी खिडकीतून संत मार्काचे निशाण लावण्याची परवानगी द्यावी आणि घराचे भाडे पंधरा डुकाटांवर वाढवू नये, एवढेच मागितले असे सांगतात. म्हातारी मोठी व्यवहारी! बंड मोडल्यावर चौकशीसाठी काही महिन्यांपुरते दहा जणांचे मंडळ नेमले. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली आणि १३३५ मध्ये ते कायमचे झाले. गुप्त हेर, गुप्त चौकशी आणि गुप्त शिक्षा यांसाठी पुढे हे दशमंडळ सर्व युरोपात कुप्रसिद्ध झाले. तात्पुरत्या म्हणून नेमलेल्या मंडळाचे आयुष्य किती असते, याचा हा एक मासला.

सभेचे दार बंद झाल्यावर व्यापाराचे दार उघडे राहणे शक्य नव्हते. १३२४ च्या एका नियमाने, ज्याची सरकारदरबारी जेवढी मालमत्ता नोंदलेली असेल तेवढ्याच किमतीचा माल त्याने समुद्रपार न्यावा असे ठरले. सावधगिरीचा नियम म्हणून तो शोभून दिसतो. पण जरा विचार करा : दुसऱ्याच्या पैशावर सफर करणारा गरीब तरुण, ज्याच्यासाठी कोलेगांझा जन्मास आली, तोच या नियमाने बाद झाला. त्याच दशकात सरकारी गॅली जहाजे लिलावाने भाड्यास देण्याची पद्धत सुरू झाली. आरमाराच्या सोबतीने जाणारे, मिरी, दालचिनी, रेशीम यांसारख्या अत्यंत किफायतीच्या मालाचे हे काफिले. पण बोली बोलण्याचा हक्क केवळ वहीतल्या उमरावांचा. डिएगो पुगा व डॅनियल ट्रेफ्लर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी व्हेनिसच्या दप्तरातील जुने करार तपासून २०१४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बड्या घराण्यांबाहेरील माणसांची नावे या दूरच्या व्यापारातून चौदाव्या शतकात कशी मागे पडत गेली, ते त्यात दिसते. कोलेगांझाही हळूहळू मागे पडली.

येथे एक रास्त आक्षेप येतो. दार १२९७ मध्ये बंद झाले, मग व्हेनिसची भरभराट पुढे दीड-दोनशे वर्षे कशी टिकली? १४२३ साली डोज तोमास्सो मोचेनीगो याने मृत्युशय्येवरून केलेले म्हणून जे निवेदन सांगितले जाते, त्यात ४५ गॅली, ३०० मोठी जहाजे आणि ३,००० लहान गलबते यांचा हिशेब आहे, आणि त्यांवरील खलाशी एकूण ३६,००० आहेत. हे काही मरणोन्मुख शहराचे आकडे नव्हेत. शिवाय उमरावांचे राज्य जुलमी होते असेही म्हणता येत नाही. धान्याची कोठारे भरलेली असत, सरकारी कर्जावरचे व्याज दीर्घकाळ नेमाने मिळे, दिवाणी न्याय बरा मिळे. इतर इटालियन शहरांप्रमाणे रस्त्यारस्त्यांत रक्तपात नव्हता. या आक्षेपास मी फार मान देतो; कारण ‘संस्था बिघडली की राष्ट्र बुडाले’ असे हिशेबी विधान करणारे लोक इतिहासाला अंकगणित समजतात.

माझे उत्तर असे. बापाने लावलेल्या आंब्याची फळे नातू खातो. नातवाने एकही झाड लावले नाही, हे पणतूला कळते. पूर्वीच्या खुल्या व्यवहाराने साठविलेले भांडवल, जहाजे, वखारी, दर्यावर्दी अनुभव आणि नाव, हे सर्व दोन शतके पुरले. जोवर व्यापार जुन्याच वाटेने चालला होता तोवर जुन्या घराण्यांचे अज्ञान उघडे पडले नाही. उमरावही समंजस होते. १३७८ ते १३८१ च्या जेनोवाबरोबरील जीवघेण्या युद्धानंतर त्यांनी तीस नव्या घराण्यांस वहीत घेतले. पण त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे दार पुन्हा उघडले नाही. परीक्षा आली ती वाट बदलल्यावर.

गामाच्या सफरीमुळे व्हेनिसला धक्का बसला, यात शंका नाही. पण त्याने ते कोसळले नाही. १५६० च्या सुमारास अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला येणारी मिरी पूर्वीइतकी किंबहुना अधिकच होती. पोर्तुगालने १५१० मध्ये गोवे घेतले, मिऱ्यांचा व्यापार राजाची मक्तेदारी केली, सर्व सूत्रे लिस्बनच्या सरकारी कोठीत ठेवली. त्याआधी १४९७ मध्ये आपल्या ज्यू प्रजेस, म्हणजे कसबी व्यापारी वर्गास, सक्तीने बाटविले होते. नवा सागरी मार्ग हाती येऊनही पोर्तुगाल युरोपातील गरीब देशांत जमा झाला. तेव्हा केवळ मार्गाने भाग्य ठरते हे खरे नव्हे. मार्ग कोणाच्या हाती पडला आणि त्यांचे आपसांतील नियम काय, हा खरा प्रश्न.

१६०२ हे एकच वर्ष घेऊ. त्या वर्षी व्हेनिसमध्ये लोकरी कापडाचे सुमारे २८,००० तागे विणले गेले. इतके पूर्वी कधी विणले नव्हते. त्याच वर्षी व्हेनिसच्या सरकारने परक्या जहाजांस आपल्या बंदरांतील मालवाहतुकीस मनाई करणारा कडक कायदा केला, हेतू हा की स्वदेशी जहाजधन्यांस बरकत यावी. परिणाम उलटा झाला. इंग्रज व डच जहाजे लिव्होर्नोच्या खुल्या बंदराकडे वळली आणि आपला माल व पैसा घेऊन गेली. कापडाचीही तीच कथा. ताग्याची लांबी, सुताची संख्या, रंग, प्रत्येक गोष्ट विणकरांच्या संघांनी व सरकारी तपासनिसांनी बांधून टाकलेली. वर करांचा बोजा. इंग्रज व्यापारी हलके, स्वस्त, रंगीत कापड आणून खुशाल व्हेनिसचा शिक्का मारून विकू लागले. व्हेनिसला हलके कापड विणता येत नव्हते असे नाही. ते विणण्याची मुभा नव्हती. शंभर वर्षांत तागे २८,००० वरून सुमारे २,००० वर आले. १६३० च्या प्लेगात शहरातील सुमारे तिसरा हिस्सा माणसे मेली, हेही कारण सांगावयास हवे. पण प्लेग लंडनलाही आला आणि ॲमस्टरडॅमलाही.

आणि ॲमस्टरडॅममध्ये त्याच १६०२ साली काय चालले होते? डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना होऊन भागभांडवलाची वही उघडली होती. देशातील कोणाही रहिवाशाने यावे आणि झेपेल तेवढी रक्कम लिहावी, अशी सनदेतच तरतूद होती. एकट्या ॲमस्टरडॅममध्ये १,१४३ लोकांनी नावे घातली. त्यांत बडे सावकार होते, सुतार होते. आणि नीलट्गेन कॉर्नेलिस नावाच्या एका मोलकरणीने शंभर गुल्डेन लिहिले होते. एका शहरात वही जन्माने मिळालेल्या नावांची, दुसऱ्या शहरात वही पैसे घालणाऱ्या नावांची. ओरेफिचे आणि लिसादो यांचा जुना व्यवहार आता उत्तरेकडील खाजणातल्या शहरात, शेकडो पटींनी मोठा होऊन, चालू झाला होता.

डचांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मायदेशी मोलकरणीस भागीदार करून घेणाऱ्या त्याच कंपनीने १६२१ साली जायफळासाठी बांदा बेटांतील रहिवाशांची जवळजवळ समूळ कत्तल केली. व्हेनिसनेही आपल्या चढत्या काळात, १२०४ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल लुटण्यास हातभार लावलाच होता. घरात न्याय आणि परदारी दरवडा, असे हे गणित पुष्कळ श्रीमंत राष्ट्रांच्या वहीत सापडते. परदारी जे राहत होते त्यांच्या वारसांनी, म्हणजे आपण, ते विसरण्याचे कारण नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. क्रीट बेटासाठी तुर्कांशी युद्ध जुंपले तेव्हा खजिना रिता झाला आणि १६४६ पासून सोनेरी वहीत नाव घालण्याची किंमत ठरली : एक लाख डुकाट. जी जागा पूर्वी व्यापारातील धमकीने मिळे ती आता रोख पैशाने विकली जाऊ लागली. आणि घेणारा ती घेऊन व्यापार वाढवीत नसे, सोडीत असे. उमरावांचा पैसा समुद्रावरून काढून मुख्य भूमीवरील शेतवाड्यांत व बंगल्यांत घातला गेला होताच. इस्टेट वाटली जाऊ नये म्हणून चार भावांतील एकानेच लग्न करावे आणि मुलींस मठात पाठवावे, अशी चाल पडली. त्यामुळे घराणीच निर्वंश होऊ लागली : सोळाव्या शतकाच्या मध्यास सुमारे अडीच हजार उमराव महासभेत बसण्यास पात्र होते, ते १७९७ मध्ये हजार-अकराशेंवर आले. त्यांतील कित्येक इतके कंगाल की संत बार्नाबा या मोहल्ल्यात सरकारी खर्चाच्या खोल्यांत राहत, रेशमी झगा घालण्याचा हक्क सांभाळीत आणि महासभेतील आपले मत विकून पोट भरीत. उद्योग करावा तर कुळास बट्टा लागे. १६३८ मध्ये सरकारने स्वतःच्या देखरेखीखाली जुगारखाना उघडला होता; तो १७७४ मध्ये बंद केला, तोवर अनेक घरे तेथे धुऊन निघाली होती.

१७९७ च्या वसंत ऋतूत अठ्ठावीस ठरत नव्हे तर सत्तावीस वर्षांचा नेपोलियन बोनापार्ट उत्तर इटली जिंकून खाजणाच्या काठाशी आला. १२ मे रोजी महासभा भरली. ठराव करण्यास सहाशे सभासद हजर असणे कायद्याने आवश्यक होते. आले पाचशे सदतीस. डोज लुडोव्हिको मानीन याने थरथरत्या आवाजात राज्याचा अधिकार सोडून देण्याचा प्रस्ताव मांडला. चर्चा चालू असतानाच बाहेर बंदुकांचे बार ऐकू आले. ती परत घरी निघालेल्या स्लाव शिपायांनी संत मार्काच्या निशाणास दिलेली अखेरची सलामी होती. पण सभासदांस वाटले की कत्तल सुरू झाली. घाईघाईने गोळ्या टाकल्या गेल्या. प्रस्तावाच्या बाजूस ५१२, विरुद्ध २०, तटस्थ ५. सभासद झगे टाकून मागच्या दारांनी निसटले. डोज आपल्या दालनात गेला, टोपाखालची पांढरी कापडी टोपी उतरवून त्याने नोकराच्या हाती दिली आणि ही आता आपणास लागावयाची नाही, असे शांतपणे सांगितले.

खाली चौकात ‘संत मार्क चिरायू होवो’ अशा आरोळ्या ठोकीत लोक जमले होते. हे कोळी, नावाडी, गोदीतील सुतार. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. पाचशे वर्षांत विचारण्याची सवयच राहिली नव्हती. त्यांनी राज्य सोडून देणाऱ्या काही जणांची घरे फोडली, आणि त्यांना आवरण्यासाठी उमरावांच्याच माणसांनी रिआल्तोच्या पुलाजवळ तोफ डागली. ४ जून रोजी संत मार्काच्या चौकात फ्रेंचांच्या रिवाजाप्रमाणे स्वातंत्र्यवृक्ष उभारण्यात आला, आणि त्याच्या बुंध्याशी डोजची राजचिन्हे व सोनेरी वही जाळण्यात आली. ऑक्टोबरात नेपोलियनने तहात ते शहर ऑस्ट्रियाच्या बादशहास देऊन टाकले.